बोडीला घातलेलं कोडं

पळसटोल्याच्या पाठीमागे शिंगाड्याची एक बोडी आहे. बोडी म्हणजे लहानसा तलाव. वारा अगदी पडलेला असला तरी दिवेलागणीला तिच्या मधोमध बुडबुडे उठतात. मासे असतील म्हणावं, तर तेवढ्या जागी मासेमार ढिवर जाळं टाकत नाहीत. हिवाळ्यात पाखरं बघायला पाहुणे येतात, त्यांना गावचे म्हातारे सोनबाजी वलथरे पाळीवर, म्हणजे बांधावर, बसवतात. पण आधी एक अट घालतात, की इथे पोराबाळांना नावाने हाक मारायची नाही. ती कबूल झाली की मग सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणतात. आईबाप लाकडी डोंग्यात बसून शिंगाडे तोडत आणि पोरं दोन काठांवर बसून पाण्यावरून एकमेकांना कोडी घालत. जशी उमर तसं कोडं. चिमुरड्यांना सोपं, ‘अंगावर काटे, पोट पांढरं, पाण्याची लेक ओळखा बरं’. मग शिंगाडा म्हणून सगळे एकदम ओरडत. जरा मोठ्यांना, ‘दिवसभर पाय धरून चालते, दिवा विझला की साथ सोडते’. ती सावली. उत्तर दिलं की पुढचं कोडं घालायची पाळी त्याची.

दुसऱ्या गावची पोरं उत्तर आलं नाही की हरलो म्हणून मोकळी होतात. पळसटोल्याच्या पोरांना मात्र तो शब्द उच्चारायचं वळणच नव्हतं. नाक वर करून ‘उद्या सांगतो’ म्हणायचं आणि घरी पळायचं. अशी न सुटलेली कोडी पाण्यावर साचत गेली, आणि एका संध्याकाळी म्हणे पाण्यानेच कोडं घातलं.

लहानाला लहान पोराचा आवाज ऐकू येई, मोठ्याला मोठ्या पोराचा. मोठ्या माणसांना नुसते बुडबुडे दिसत. त्यामुळे पोरं सांगत ते कुणी मनावर घेतलं नाही. पोरांनाही गंमत वाटे, कारण बोडीही जशी उमर तसंच कोडं घाली.

सायत्रा नावाची ढिवरीण पाळीलगतच राही. तिला दोन मुली. थोरली कोड्यांत अशी पटाईत, की बोडीने काही विचारावं आणि हिने पटकन सांगावं. धाकटी तुळसा तिच्या मागे मागे. एके दिवशी बोडीने थोरलीला विचारलं, ‘घर भरलं तरी एक जागा भरत नाही, ती कुठली?’ थोरलीला उत्तर येईना. हरलो म्हणणं तिच्या रक्तातच नव्हतं. उत्तर पाण्यात दिसतं का म्हणून ती वाकली, मग उतरली. शिंगाड्याच्या वेलांवर तिची ओढणी तेवढी सापडली.

सायत्रा दगडासारखी झाली. पुढे तिच्या ध्यानात आलं, की तुळसा रोज सांजेला पाण्याशी जाऊन बसते. विचारलं तर पोरगी म्हणाली, “बाई बोलावते मले. कोडी घालते.”

बाई म्हणजे थोरली. पाण्याजवळ लेकरांना नावाने हाक मारू नये, असं जुनी माणसं मानत, म्हणून घरात थोरलीला बाई आणि धाकटीला पोरी एवढंच चाले; थोरलीचं नाव घराबाहेर कुणाला ठाऊकच नव्हतं. सायत्राने तुळसाला घरात बांधल्यासारखं ठेवलं. पण डोळा चुकवून ती गेलीच. सायत्रा धावत आली, तर पोर कमरेइतक्या पाण्यात उभी, आणि मोठ्या माणसांना कधी ऐकू न येणारा आवाज त्या दिवशी सायत्रालाही ऐकू आला. आपल्याच थोरल्या लेकीचा. तो विचारत होता, ‘घर भरलं तरी एक जागा भरत नाही, ती कुठली?’

तुळसाला ते कसं यावं? पण सायत्राला येत होतं. पाण्यात उतरून तिने पोरीचा दंड धरला आणि म्हणाली, “माह्या लेकीच्या ताटाची जागा.”

बुडबुडे थांबले. आता पाळी तिची होती.

“पोरगी तू नेली,” ती म्हणाली. “आवाज बी नेला. पन तिच्यासंगं माह्या घरात आलेलं एक माह्यापाशीच राहिलं. तिचं नाव काय, थे सांग. सांगशील तवाच पुढचं कोडं घालजो.”

हरलो हा शब्द बोडीने त्या पोरांच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. मग लेकीच्या आवाजात उत्तर आलं, “उद्या सांगते.”

तुळसा वाचली. पण सायत्राला त्याच क्षणी कळलं, की एका लेकीसाठी आपण दुसरीला कायमचे मुकलो. गेलेल्या पोरीसाठी आई नाव घेऊन रडते, आणि हिला तर नावच घ्यायचं नव्हतं, कारण बोडीने ते ऐकलं की कोडं सुटलं आणि पुन्हा तिची पाळी. घरातल्या घागरीतही पाणी बोडीचंच होतं. ती जन्मभर मुक्याने रडली. शेवटच्या घटकेला तिला राहवलं नाही. एकदाच हाक मारावी म्हणून तिने तोंड उघडलं, आणि उशाशी बसलेल्या तुळसाने तिच्या तोंडावर हात ठेवला. तो हात तिने आईचा श्वास थांबेपर्यंत काढला नाही, असं सांगतात. पुढे तुळसाही म्हातारी होऊन गेली, आणि ते नाव तिच्याबरोबर गेलं. आता कुठलंही नाव तेच असू शकतं.

आजही पळसटोल्याची पोरं पाळीवर बसून कोडी घालतात, पण उत्तर आलं नाही की मोठ्याने हरलो म्हणतात आणि कोडं तिथेच मिटवतात. मग मधोमध बुडबुडे उठू लागतात. बोडी एकेक नाव म्हणून बघते आहे, असं सोनबाजी सांगतात. तेवढ्यात आया येतात आणि लेकरांच्या तोंडावर हात ठेवूनच त्यांना घरी नेतात.