काट्यापर्यंत पोचलेली हाक

मोटारींना चोक ओढावा लागायचा, त्या काळातली एक निळी मोटार होती. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा तिचा काटा मोठा ऐटबाज. इंजिनाची जुनी कॉइल एका फेऱ्यात दोनदा ठिणगी पाडायची, दर ठिणगीला त्याच्या कानात खणखणीत ओरडायची आणि हा उसळायचा.

पुढे मालकीण कुमुदताईंनी कॉइल काढून ठिणगी पाडायला इंजिनाला नवा संगणक बसवला. इंजिन झकास चालू लागलं, काटा मात्र शून्यावर.

"हा नवा बोलतच नाही!" काटा फणकारला.

"मी बोलतोच आहे. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही," संगणक म्हणाला.

दोघांची रोजच जुंपू लागली. कुमुदताई वैतागल्या. "मिस्त्री, काढा तो काटा, टाका भंगाराच्या डब्यात."

काटा शून्याला घट्ट चिकटून बसला.

दाऊद मिस्त्रींनी संगणकाची तार तपासली. "ताई, हा बोलतो, पण हळू. आणि काट्याला सवय आरडाओरड्याची."

मग त्याच भंगाराच्या डब्यातून त्यांनी एक जुना रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, काढला. त्याचे वीज जोडणारे पॉइंट जळाले होते, पण आतली तारेची गुंडाळी शाबूत होती. तो त्यांनी दोघांच्या मध्ये जोडला. आता संगणक कुजबुजला की त्या गुंडाळीतून जोराचा झटका निघायचा आणि रिले ओरडायचा. काटा टुणकन नऊशेवर गेला.

"शिकला एकदाचा बोलायला!" काटा म्हणाला.

"उघडले एकदाचे कान!" संगणक म्हणाला.

रिलेला हसायचं होतं. पण फेऱ्याला दोन, म्हणजे मिनिटाला अठराशे हाका मारायच्या, तर हसायला वेळ कुठला!