दहाव्या वर्षीचं चिलखत

राजाच्या माजलेल्या हत्तीने दोन माहूत चिरडले होते. आता त्याला बांधायला तिसरा माहूत रवळू जाणार होता. माहूत मेला तर घरच्यांना शंभर रुपये मिळत. राजा दहा वर्षांचा असताना ठरलेल्या या रकमेत तेव्हा घर वर्षभर जेवायचं; आता महिनाही निघत नसे.

रवळूची बायको गोदी दरबारात आली. "सरकार, रक्कम वाढवा."

"एकदा ठरलं ते ठरलं!" राजा गरजला.

बाहेर हत्ती चीत्कारला. गोदीने त्या दिशेला बोट दाखवलं. "मग सरकारांनी दहाव्या वर्षीचं चिलखत घालून त्याच्यासमोर उभं राहावं."

"वेडी आहेस? ते आता छातीलाही पुरणार नाही!"

"सरकार, तुमचं चिलखत वेळोवेळी मोठं होत गेलं. माझ्या पोरांचं अजून तेवढंच आहे."

हत्ती पुन्हा चीत्कारला. राजाचा हात आपसूक छातीवर गेला, आणि त्याने खजिनदाराला हाक मारली.