सावकारीणबाईंच्या हाताचं माप

एका बाजारगावात सगुणा नावाची एक कासारीण राहायची, आणि ती भारी दचकायची. फळीवरून मांजर उतरलं तरी तिच्या तोंडून ‘अगं बाई!’ निघायचं. सारं गाव तिची चेष्टा करायचं. पण गंमत अशी, की बांगड्या भरायला एखादीचा हात हाती घेतला, की हीच सगुणा दगडासारखी स्थिर व्हायची. मग तिच्याजवळ तोफ उडाली असती तरी तिचं बोट हललं नसतं.

तिचा नवरा तट्टावर बांगड्या लादून गावोगाव फेरी करायचा. एका हिवाळ्यात त्याला छातीच्या दुखण्यानं धरलं. खोकून खोकून माणसाचं पार चिपाड झालं. फेरी थांबली, वैद्याचे काढे सुरू झाले आणि उधारी चढत गेली. बांगड्या पुरवणाऱ्या शेठची, किराणा देणाऱ्या वाण्याची, आणि सगळ्यांत मोठी सावकारीणबाईंची. त्या घरात सावकार नुसते पगडीपुरते. व्यवहार सारा बाईंच्या हाती. तिघांचाही वायदा दिवाळीचा होता.

वैद्य म्हणाले, “दुखणं हटेल, पण वर्षभर यानं ओझं उचलायचं नाही.”

मग तट्टू ठेवून काय करायचं? सगुणानं ते विकलं. वैद्यापुरते पैसे वेगळ्या गाठीत बांधले आणि उरलेले पिशवीत टाकले. एकूण देणं सोळा आण्यांच्या रुपयाएवढं धरलं, तर पिशवीत भरत होते दहाच आणे.

शेजारीण कानाशी येऊन म्हणाली, “अगं, पिशवी उचल नि माहेरची वाट धर. दिवाळीचं दिवाळीला बघता येतं.”

अंथरुणावरून नवरा म्हणाला, “दिवाळीपर्यंत ती पिशवी आपण खाऊन बसू, सगुणा. मग त्यांना ना रुपया, ना दहा आणे. आज हातात आहे तोवर देऊन मोकळे होऊ. तू जाऊन सांग. पण तिघांना सारखं.”

“मी? मी सांगू?”

“मग काय तट्टू सांगेल? ते तर विकलंस!”

आणि योग बघा, दुसऱ्याच दिवशी सावकारीणबाईंच्या लेकीचा चुडा भरायचा होता! मांडवात शेठ येणार, वाणी येणार, सारं गाव येणार. सगुणानं रात्रभर कूस बदलली. सकाळी डोक्यावर बांगड्यांची टोपली, कमरेला ती गाठ आणि काखेत पिशवी घेऊन निघाली. पाय पुढे पडत होते, जीव मागे पळत होता.

मांडवात नुसती धमाल! हळदीचा वास, लाडवांची ताटं, पोरींची पळापळ. तेवढ्यात ताशा कडाडला आणि सगुणा जागच्या जागी उडाली. बायका खो खो हसल्या.

नवरीचा चुडा भरून झाला. मग सावकारीणबाई ऐसपैस बसल्या आणि त्यांनी आपला गुबगुबीत हात पुढे केला. “दचकतेस काय गं? ताशा आहे, वाघ नाही. भर माझा हात. लेकीच्याच मापाच्या भर.”

“बाई, लेकीचं माप तुम्हाला कसं...”

“का? मी काय म्हैस आहे?”

बायकांनी तोंडाला पदर लावले. सगुणानं बाईंचा हात हाती घेतला, आणि काय आश्चर्य, तिची थरथर थांबली! तिच्या मनात आलं, आत्ता नाही बोलले तर कधीच नाही. हा हात सुटला, की धीरही सुटेल.

“बाई, आमच्या यांचं दुखणं लांबणार,” ती म्हणाली. “तट्टू विकलं. पैसे बरोबर आणलेत. रुपयाला दहा आणे होतात. दिवाळीपर्यंत थांबलात तर तेही उरायचे नाहीत. आज घ्या, आणि देणं फिटलं म्हणा.”

बाईंनी पिशवीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. “माझ्या एकटीचे सोळा आणे निघतील ना त्यातून?”

“निघतील. पण मग शेठ आणि वाणीदादा...”

“झुलव की त्यांना दिवाळीपर्यंत! माझं पूर्ण दे, वर नवी उधारी देते. बिनव्याजी! शहाणी असशील तर हो म्हण.”

एक ‘हो’ म्हटलं, की गावातली सगळ्यांत मोठी भीती संपणार होती!

“नाही बाई,” ती म्हणाली. “तिघांना सारखं.”

“असं? आणि कमरेला ती गाठ कसली?”

“ती वैद्याची. ती मी कुणालाच देणार नाही. पण लपवलेली नाही, बघा, सगळ्यांना दिसेल अशीच बांधलीय.”

बाई संतापल्या. “तोंड आवर नि हात चालव! चढव ती बांगडी. जोर लाव!”

“नाही चढायची, बाई.”

“कशी नाही चढत!” म्हणून बाईंनी स्वतःच दुसऱ्या हातानं बांगडी रेटली. कट्! सतरंजीवर दोन तुकडे.

“फुटली म्हणू नका गं, वाढली म्हणा!” एक म्हातारी आत्याबाई ओरडली. “लग्नघर आहे!”

“वाढली ती कासारणीची,” बाई घाईघाईनं म्हणाल्या. “माझ्या नावावर धरू नकोस.”

“नाही धरत. मनगटात चढेपर्यंत बांगडी कासाराची, ही रीतच आहे,” सगुणा म्हणाली. हात तिनं अजून सोडला नव्हता. “म्हणून तर आम्ही जोर लावत नाही, बाई. नुकसान आमचंच होतं. पण देणं फिटेपर्यंत मी तुमची बांगडी आहे. माझं माप दहा आण्यांचं. सोळा आण्यांचा जोर लावलात तर मी मोडेन. मग ते तुकडे कुणाचे?”

ताशेवाल्यानंसुद्धा काड्या खाली ठेवल्या.

जवळच मांडवाच्या खांबाला टेकून शेठ पान चघळत उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. ‘झुलव की त्यांना’ तर अगदी नीट ऐकलं होतं. तो पुढे आला. “माझे दहा आणे मला कबूल. मला बुडवायची एवढी सोन्यासारखी संधी होती, पोरीनं घेतली नाही.”

“मलाही कबूल,” लाडू गिळत वाणी म्हणाला.

सावकारीणबाईंनी तुकड्यांकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, आणि एकदम हसू फुटून त्या गदगदा हलू लागल्या. “उंदरासारखी दचकणारी तू, माझ्याच मांडवात मला माप शिकवतेस? आण ते दहा आणे!”

सगुणानं पिशवी घट्ट धरली. “आधी तिघंही पाच सुवासिनींदेखत म्हणा, उरलेलं मागणार नाही.”

शेठ म्हणाला, वाणी म्हणाला. शेवटी बाई म्हणाल्या, “फिटलं गं बाई, फिटलं!”

मग पिशवी उघडली आणि ज्याचे त्याला मिळाले. सगुणानं टोपलीतून मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या, बाईंचा हात दाबून मऊ केला, आणि एकेक बांगडी किणकिणत मनगटात जाऊन बसली. ना ओरखडा, ना कुरकुर.

“हे माप बरं आहे,” बाई पुटपुटल्या.

तेवढ्यात ताशा पुन्हा कडाडला आणि सगुणा टोपलीसकट उडाली!

पुढच्याच आठवड्यात शेठनं आपणहून माल पाठवला. “विकल्यावर पैसे दे,” म्हणाला. सगुणानं घराच्या ओट्यावरच दुकान मांडलं. आजूबाजूच्या गावच्या बायका बाजाराला येत, त्या हात भरूनच परत जात. नवरा बसल्या बसल्या बांगड्यांच्या माळा ओवी, आणि त्याचा खोकला हळूहळू उतरत गेला.

दिवाळीच्या दिवशी दारावर थाप पडली. सगुणा दचकली. दारात सावकारीणबाई उभ्या!

“घाबरू नकोस, मागायला नाही आले,” बाईंनी हात पुढे केला. “भर. तुझ्या मापानं.”

तात्पर्य: पुढे सारं देईन म्हणून तोंड लपवण्यापेक्षा, आज आहे ते उघड्या ओंजळीनं सगळ्यांपुढे सारखं धरावं, देणाराही मोडत नाही आणि घेणाराही बुडत नाही.