हेव्याची ओटी

आमच्या पिंपळदऱ्याला ज्येष्ठात याल, तर बायका रिकामी ओटी घेऊन एकमेकींच्या दारी जाताना दिसतील. पाहुण्यांना वाटतं, हळदीकुंकू आहे. तसं नाही. जिचा हेवा वाटतो तिच्या दारी जायचं, तोंडावर तसं सांगायचं आणि मूठभर बी मागून आणायचं. नवी सून म्हणून आले तेव्हा मलाही हसू आलं होतं. मग सासूबाईंनी ओलाईच्या देवळात बसवून सांगितलं, तेच तुम्हाला सांगते.

फार पूर्वी म्हणे पाऊस तिथी विसरला. मृगात चार थेंब टाकून महिनाभर गडप व्हायचा आणि काढणीला आलेलं पीक झोडपायचा. तेव्हा इथे भिवरा आणि सगुणा या दोघी जावा होत्या. वाटणीत थोरल्या भिवराला ओढ्याकाठची काळी जमीन आली, धाकट्या सगुणाला टेकडीचा मुरमाड उतार. भिवरा सासऱ्यांच्या रीतीने मृगालाच बाजरी पेरायची. कोंब करपले की पुन्हा पेरायची. सगुणा थांबायची. मातीत मनगटापर्यंत हात घालून ओल लागली तरच पेरायची, तीही बाजरीत मटकी-तूर मिसळून. एक गेलं तर दुसरं हाती लागायचं.

तो हिरवा उतार पाहून भिवराचा जीव जळू लागला.

"कधी पेरलंस गं?" तिने बांधावरून विचारलं.

"देवीने सांगितलं तेव्हा," सगुणा हसली.

भिवराला ते खरंच वाटलं. देवी हिच्याशीच बोलते! ती तडक ओलाईपुढे गेली. "तिच्या रानावर थेंब पाडू नकोस, चांदीचे डोळे वाहीन."

त्या साली ढग टेकडीला वळसा घालून गेले, असं सांगतात. सगुणाचं रान वाळलं. पण ओढा त्याच टेकडीवरून उतरायचा. तोही आटला, आणि भिवराची काळी जमीन भेगाळली. दुबार पेरणीत तिचं सगळं बी गेलेलं. घरात पेरायला दाणा उरला नाही. सगुणाच्या गाडग्यात तेवढी मटकी होती.

पुढच्या ज्येष्ठात भिवरा पदर पसरून तिच्या दारी उभी राहिली. "सगुणे, तुझा फार हेवा केला गं. तुझा पाऊस तुटावा म्हणून नवस बोलले."

सगुणाने मटकीचं गाडगं बाहेर आणलं. मग म्हणाली, "जाऊबाई, देवी मला काही बोलली नव्हती. काळी माती तुम्हाला गेली म्हणून मी जळत होते. ओल बघायचं मुद्दाम लपवलं."

तिने ओटीत मटकी घातली आणि जावेला रानात नेलं. दोघींनी मातीत हात घातले. ओल नव्हती. आठवडाभर दोघी थांबल्या, हाताला ओल लागली, मगच पेरलं. दोन्ही रानं उगवली.

आजही ओटी भरताना आम्ही पेरणीचं काही लपवत नाही. लपवलं तर ओलाई रुसते म्हणे. आणि जिच्या दारी कुणीच फिरकत नाही, तिची गावाला काळजी लागते. परसाल माझं रान दोनदा करपलं. माझा कोण हेवा करणार, म्हणून यंदाच्या ज्येष्ठात मी दार लोटून बसले होते. दिवेलागणीला शेजारची केवळा आली. अंगणभर नजर फिरवून म्हणाली, "वहिनी, एवढ्या उन्हात तुमचा शेवगा हिरवागार! मला झोंबतंय बाई ते. एक वाळकी शेंग द्या ना बियाला."