अंग चोरणारा खांब

यंत्रं आणि खांब एकमेकांशी भांडत, त्या काळातली गोष्ट. तळ्याकाठी खोल खड्डा खणायचा होता. माती ढासळू नये, पाणी शिरू नये म्हणून आधी जमिनीत काँक्रीटच्या खांबांची भिंत घालायची होती. रीत अशी, की थोडी थोडी जागा सोडून मऊ खांब ओतायचे आणि ते कच्चे असतानाच गिरमिटाने त्यांच्या कडा खरवडत मध्ये भोकं पाडून त्यांत सळयांचे खांब घट्ट बसवायचे.

तिसऱ्या मऊ खांबाला मात्र आपल्या गोलाईचा भारी तोरा. "माझ्या अंगाला हात लावायचा नाही!"

"अहो, चारच बोटं," गिरमीट म्हणालं. "शेजाऱ्याला टेकायला."

"त्याने लांबूनच नमस्कार करावा!"

कटकटीला वैतागून गिरमिटाने शेजाऱ्याचं भोक जरा पलीकडे पाडलं; दोघांमध्ये फट राहिली. खांब खूश.

पुढे खड्डा खणला आणि त्या फटीतून चिखलाची धार लागली. कामगार जीव मुठीत धरून शिडीने वर पळाले. चिखलामागून एक बेडूक आला, सहकुटुंब.

खांब रडकुंडीला आला. "गिरमिटराव, आता खरवडा हो!"

"आता? आता तू दगड झालास."

खालून बेडूक कौतुकाने म्हणाला, "काय गोल अंग हो तुमचं! येता-जाता जरासुद्धा घासत नाही."