बसाप्पामामांची गाडी

"आणखी काय जोडू, बाई?"

तेजलने कागद मुल्लाबाईंपुढे सरकवला. बारावीचं वर्ष. पुण्याच्या एका कॉलेजने मार्कांखेरीज 'अभ्यासाबाहेर काय केलंत' असं विचारलं होतं. शिवाय शिक्षकांचं शिफारसपत्र हवं होतं. महिनाअखेर शेवटची तारीख.

कागदावर अकरा ओळी. रोबोटिक्सचं शिबिर, कोडिंगच्या चार स्पर्धा... आणि सगळ्यांत वर, एसटीच्या वेळा सांगणारं तिचं ॲप. जिल्ह्यात पहिलं आलेलं.

मुल्लाबाई मिरजेच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवत. शनिवारी शाळा सुटली की लॅबमध्ये त्यांचा क्लब भरे. तेजल आठवीत तिथेच पहिल्यांदा की-बोर्डसमोर बसली होती. पुढे बक्षिसं मिळू लागली आणि तिचं येणं सुटलं.

बाईंनी कागद वाचला.

"हे ॲप कोण वापरतं?"

"चारशे जणांनी डाउनलोड केलंय."

"वापरतं कोण?"

तेजल कागदाची घडी घालू लागली.

"शनिवारी ये," बाई म्हणाल्या.

शनिवारी लॅबमध्ये एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बसाप्पामामा. बाईंचे शेजारी, बाजाच्या पेट्यांचे सूर लावून देणारे. त्यांना दिसत नसे. पडद्यावर बोट फिरवलं की त्यांचा फोन तिथे काय आहे ते बोलून दाखवी.

मामांनी तेजलचं ॲप उघडलं.

"बटण," फोन म्हणाला. "बटण. बटण. बटण."

तेजलने बटणांवर सुंदर चित्रं काढली होती. नावं दिलीच नव्हती.

"मला वाटलं, माझ्याच फोनात बिघाड आहे," मामा हसून म्हणाले. "सहा महिने झाले. रोज एकदा दाबून बघतो."

तेजलचे कान तापले. "पण परीक्षकांनी तर..."

बाईंनी खांद्यावरचा पदर सावरला, पर्समधून रुमाल काढला आणि तेजलच्या हातातल्या फोनवर पसरला.

"कवठे महांकाळची गाडी शोध."

तेजलचं बोट रुमालाखाली फिरलं. थांबलं. पुन्हा फिरलं...

बऱ्याच वेळाने तिने रुमाल बाजूला केला आणि खुर्ची मामांच्या जवळ ओढली.

"मामा, कुठून सुरू करू?"

पुढचे तीन शनिवार ती तिथेच होती. ती बटणांना नावं देई, मामा ऐकून बघत.

"'पुढे' म्हणजे कुठे पुढे, पोरी?"

ती बदले.

"वेळ सांगतोय, पण गाडी कुठल्या फलाटावर लागते?"

ती पुन्हा बदले. एकदा तर मामांनी तिला डोळे मिटायला लावून आख्खं ॲप ऐकवलं. फोन इतका भरभर आणि इतकं अनावश्यक बोलत होता, की तिने निम्मे शब्द पुसून टाकले. असं कुणी कधी तिचं काम तपासलं नव्हतं. चुका निघत होत्या आणि तिला बरं वाटत होतं.

तिसऱ्या शनिवारनंतर, सोमवारी सकाळी, मामा एकटेच स्टँडवर गेले. कवठे महांकाळला त्यांची बहीण राहायची. दरवेळी कुणी सोबत मिळेपर्यंत ते अडून बसत. त्या दिवशी अडले नाहीत.

बहिणीच्या दारातून त्यांनी तेजलला फोन केला.

"पोहोचलो ग, बाळ!" तुझे फार उपकार झाले, असं म्हणून त्यांनी फोन बहिणीला दिला. तीही 'देव तुझं भलं करो' असं चारदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेजल बाईंकडे गेली. पत्र तयार होतं. आत एकच ओळ: 'ही मुलगी ऐकून घेते.'

तेजलने ते दोनदा वाचलं. आणखी काही लिहा, असं ती म्हणाली नाही. वाकून बाईंच्या पाया पडली. दारापर्यंत गेली आणि परत आली.

"बाई, शिकवलं तर मामांनी मला. आणि आभार तेच मानत होते. मला... काही बोलताच आलं नाही. त्यांना काय म्हणू?"

बाई लॅबच्या खिडक्या लावत होत्या. शेवटची कडी सरकवून त्या वळल्या.

"काही म्हणू नकोस. त्यांचा फोन आला, की उचल."