शेवरीचा पहिला मासा

खाडीवर पूल व्हायच्या फार आधीची गोष्ट. तिथल्या बगळ्यांत एक रीत होती. पहिला मासा धरला की तो काठावर ठेवायचा, त्याचं नाव सांगायचं आणि मगच गिळायचा.

शेवरी नावाच्या बगळीला ही रीत मुळीच पटत नव्हती. सकाळपासून ती चिखलात उभी होती, पोटात आग पडली होती आणि भरतीचं पाणी चढत होतं. तेवढ्यात पायाशी काहीतरी हललं. तिने चोच मारली, आणि मासा चोचीत वळवळू लागला.

"काय धरलंस गं?" मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बगळीने, बायोआत्याने विचारलं.

बोलायचं तर चोच उघडावी लागणार, आणि पाणी वीतभरावर. वर घार घिरट्या घालत होती. रुपेरी पोट आहे, म्हणजे बोयच असणार, तिने मनाशी म्हटलं. तिने मान वर केली. मासा घशाकडे घसरला.

"आधी नाव सांग," आत्या शांतपणे म्हणाली.

शेवरीने रागारागाने मासा चिखलात टाकला. "बोय आहे. झालं समाधान?"

बघता बघता मासा फुगून पेरूएवढा टम्म झाला. अंगभर काटे उभे राहिले. शेवरीला आपला घसा आठवला. लाट आली आणि तो काटेरी गोळा तरंगत निघून गेला.

"आता सांग, काय धरलं होतंस?"

"केंड," शेवरी कशीबशी म्हणाली.

"मग झाली तुझी पहिली शिकार," असं म्हणून आत्याने सरकून तिला आपल्या शेजारी उभं राहायला जागा दिली.